मी डिपरवरच होते!

एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"मी परिचारिका आहे. ड्युटी पन्हाळ्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात, घर कोल्हापुरात. आठवड्यातून तीन-चार वेळा रात्री आठनंतर वाघबीळ, केर्ली करत एकटी गाडी चालवत घरी येते. गाडी सात वर्षांची, छोटी हॅचबॅक. रात्री उजेड कमी पडतो म्हणून दिवाळीत मिस्टरांनी ऑनलाईन पांढरे एलईडी बल्ब मागवून बसवले. तेव्हापासून समोरचा जो तो मला लाईट मारून दाखवतो. गेल्या आठवड्यात केर्लीजवळ उसाचा एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि म्हणाला, 'ताईसाहेब, डिपरला टाका की! म्होरचं काय बी दिसंना झालंय.' मी डिपरवरच होते! खरं वाटावं म्हणून अप्पर लावून दाखवला, तर त्यानं डोळ्यांवर हातच घेतला. मिस्टर म्हणतात, लोकांना चांगल्या लाईटची सवय नाही, तू लक्ष देऊ नको. पण समोरून मोठी गाडी आली की मलाही काही दिसत नाही, मग मी कुणाला बोलू? चूक माझी आहे की त्यांची? आणि घरच्या घरी हे तपासता येतं का?"

ताई, ट्रॅक्टरवाला बरोबर आहे. तुम्हीही बरोबर आहात, तुम्ही डिपरवरच होता. चुकलेत ते दाजी. पण त्यांच्यावर लगेच चिडू नका, कारण त्यांनी जे केलं ते मीही एकदा केलंय. ते पुढं सांगतो.

आधी त्या ट्रॅक्टरवाल्याचं. तो बसतो कुठं बघा. ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास असतात. तुमच्या हेडलाईटची उंची असेल साधारण ६५ सेंटिमीटर. डिपर नीट असेल तर त्याचा उजेड हेडलाईटच्या उंचीच्या वर जायलाच नको, उलट पुढं जाईल तसा खाली उतरायला हवा. डाव्या कडेला तो थोडा वर चढतो, तो मुद्दाम चढवलेला असतो, पण ट्रॅक्टर तर तुमच्या उजवीकडं होता. तरीही इतक्या उंचावर बसलेल्या माणसाला दिसेनासं झालं, म्हणजे तुमचा उजेड खाली-वर कसाही फेकला जातोय. नुसता फोकस थोडा वर चढला असता तर समोरच्या छोट्या गाडीवाल्यानं तक्रार केली असती, ट्रॅक्टरवाल्यानं बहुधा नाही. त्या माणसानं रागाच्या भरात का होईना, तुमच्या गाडीचं निदान करून दिलंय.

आता माझी गोष्ट. उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. लोकांच्या हेडलाईट सेट करून द्यायचो, आणि स्वतःच्या गाडीत १००/९० वॅटचे बल्ब घालून फिरायचो. काय उजेड पडायचा! गगनबावड्याच्या घाटात झाडाचं पान न् पान दिसायचं. एका रात्री मी स्कूटरवरून वडणगे फाट्याकडून येत होतो आणि समोरून एक गाडी आली. डोळ्यांपुढं नुसतं पांढरं. कडेला साईडपट्टीवर उतरलो, स्कूटर कशीबशी सावरली आणि तोंडातून जे यायचं ते आलं. गाडी शेजारून गेली, मागं वळून नंबर बघितला, तर माझीच. पोरगा घेऊन निघाला होता. तेवढी वर्षं मी त्या गाडीत आत बसलो होतो, तिच्यासमोर कधी उभाच राहिलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं काम ते केलं.

तर दाजींचे बल्ब चुकतात कुठं ते सांगतो, कारण हे कळलं तर घरी वाद होणार नाही. तुमच्या गाडीत मूळचा बल्ब बहुतेक एच-फोर जातीचा हॅलोजन असणार, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. जुना बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेच्या खाली एक छोटी धातूची वाटी असते, पूजेतल्या पळीसारखी. सगळा खेळ त्या पळीचा आहे. डिपर लावला की ती पळी उजेडाला खाली जाऊ देत नाही, त्यामुळं रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो रस्त्याकडं, खाली वळतो. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडला असता तर तोच उजेड वर, समोरच्याच्या तोंडावर गेला असता. रिफ्लेक्टरचा एकेक बाक त्या तारेची जागा धरून काढलेला असतो. तार मिलिमीटरभर इकडं-तिकडं सरकली तरी फोकस बिघडतो.

एलईडी बल्बात तारच नसते. पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात, मागं पंखा नाहीतर ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. पळीची नक्कल करतात, पण चिपची जाडी, जागा आणि उजेड पसरण्याची तऱ्हा वेगळी पडते. बल्ब होल्डरमध्ये बसतो, आत उजेड भरपूर होतो, फक्त तो कुठं जाईल याला धरबंध राहत नाही. जवळच्या रस्त्यावर पांढराशुभ्र पट्टा पडतो म्हणून चालवणाऱ्याला वाटतं, लई भारी दिसतंय. खरं म्हणजे जवळचं इतकं झगझगीत झालं की डोळे त्यालाच सरावतात आणि लांबचं अंधारातलं आणखी दिसेनासं होतं. कंपनीतूनच एलईडी हेडलाईट येते तिची गोष्ट वेगळी. तिथं लेन्स आणि रिफ्लेक्टर चिपच्या हिशेबानंच बनवलेले असतात.

आता तपासायचं कसं. यासाठी गॅरेजला जायची गरज नाही. एक भिंत, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि अंधार एवढं पुरे.

सपाट जागा शोधा. लगीनसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयाचं पटांगण झकास, नाहीतर शाळेच्या कंपाऊंडची भिंत. उताराची जागा चालत नाही, गाडी आणि भिंत एकाच सपाटीवर हवी. टायरची हवा बघून घ्या, किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. डिकी रिकामी करा. ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असू द्या. गाडी भिंतीला जवळजवळ नाक लावून सरळ उभी करा आणि दोन्ही हेडलाईटच्या मधोमध, म्हणजे बल्ब असतो तिथं, समोर भिंतीवर चिकटपट्टीची एकेक फुली मारा. मग गाडी सरळ मागं घ्या, भिंतीपासून हेडलाईट १० मीटर होईपर्यंत. जागा नसेल तर ५ मीटरवर थांबलं तरी चालतं. स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ असं लिहिलेलं छोटं चाक असतं, ते ० वर ठेवा. डिपर लावा.

आता भिंतीकडं बघा. चांगल्या डिपरला वर एक स्पष्ट रेघ असते, खाली उजेड आणि वर अंधार. ती रेघ उजवीकडं आडवी असते आणि डावीकडं गेल्यावर तिरकी वर चढते, साधारण १५ अंशात. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळं कडेनं चालणारा माणूस, मैलाचा दगड, फाट्याची पाटी दिसावी म्हणून ती तशी चढवलेली असते. रेघ उजवीकडं चढताना दिसली तर ती हेडलाईट उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनवलेली आहे. बाहेरून स्वस्तात आणलेल्या डूममध्ये, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्ख्या हेडलाईटमध्ये, हे होतं, आणि त्यावर उपाय डूम बदलण्याशिवाय दुसरा नाही.

आडवी रेघ कुठं हवी? १० मीटरवर तुमच्या फुलीपेक्षा १० सेंटिमीटर खाली. ५ मीटरवर ५ सेंटिमीटर खाली. दर मीटरला एक सेंटिमीटर, हिशेब सोपा आहे. कुठल्या गाडीला थोडा जास्त उतार लागतो, तो आकडा बऱ्याचदा बॉनेटखाली किंवा हेडलाईटवरच्या पट्टीवर १.० किंवा १.२ टक्के असा लिहिलेला असतो. तो असेल तर तोच धरा.

दहा सेंटिमीटरनं काय मोठं होतंय, असं वाटेल. तर ६५ सेंटिमीटर उंचीची हेडलाईट नीट उतरती असली की तिचा वरचा काठ ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. हीच हेडलाईट फुलीच्या १० सेंटिमीटर खाली असायच्या ऐवजी १० सेंटिमीटर वर गेली, तर ५० मीटरवर तो काठ ११५ सेंटिमीटर उंचीवर असतो. छोट्या गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे जवळपास तिथंच येतात. भिंतीवर फरक जेमतेम एक वीत, आणि रस्त्यावर कुणाला तरी कडेला उतरायला लावतो.

रेघ आहे पण वर-खाली झालीय, तर ते स्क्रूचं काम. बॉनेट उघडलं की प्रत्येक डूमच्या मागं दोन स्क्रू किंवा पांढऱ्या प्लास्टिकची दातेरी चाकं दिसतील. एक वर-खाली करतं, दुसरं डावं-उजवं. स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो. एका वेळी एकच डूम बघा, दुसरीपुढं पुठ्ठा उभा धरा. तिच्यावर टॉवेल टाकू नका, हॅलोजन तापतो आणि पुढची काच प्लास्टिकची असते. स्क्रू थोडा-थोडा, अर्धाच फिरवा आणि भिंत बघा.

आणि रेघच नसेल तर? तुमच्या बाबतीत बहुधा हेच दिसेल. भिंतभर धूसर पांढरा उजेड, फुलीच्या वरही तेवढाच. तिथं स्क्रू कितीही पिळा, काही होणार नाही. डोक्यावरचा उजेड खाली आणायला गेलात तर रस्ताच जवळ येईल. एलईडी काढायचे, मूळचे एच-फोर घालायचे, आणि मग पुन्हा भिंत बघायची.

पण मग दाजी विचारतील, उजेड कमीच पडत होता, त्याचं काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि लोक इथंच फसतात. सात वर्षांच्या गाडीत उजेड कमी पडायची दोन कारणं मला नेहमी सापडतात. पहिलं डूम. पुढची काच पॉलीकार्बोनेटची असते, उन्हानं पिवळी आणि धुरकट होते. अशी काच उजेड अडवते तर खरंच, शिवाय अडलेला उजेड इकडं-तिकडं उधळून समोरच्याला त्रासही देते. पाणी मारून बारीक पॉलिश पेपर, मग रबिंग कंपाऊंड आणि शेवटी ऊन रोखणारं कोटिंग, असं करून ती चकचकीत होते. कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टूथपेस्टनं घासायचा घरगुती उपाय आठवडाभर बरा दिसतो, तेवढाच.

दुसरं कारण करंटचं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात. बल्बच्या होल्डरपर्यंत पोहोचेपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी व्हायला नको. पण होल्डर काळा पडलेला, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला, वायर बारीक, असं असलं की दीड-दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात. आणि हॅलोजनची गंमत अशी, की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. म्हणजे बल्ब चांगला असतो, त्याला पोटभर मिळत नसतं. कुठल्याही वायरमनला मीटर लावून होल्डरवर व्होल्टेज बघायला सांगा. अर्थिंग साफ केलं, नवा होल्डर आणि रिले लावून वायर थेट बॅटरीकडून आणली, की तोच ५५ वॅटचा बल्ब नवा वाटतो. दुकानदार १००/९० चा बल्ब पुढं करेल, घेऊ नका. ५५ वॅटला साडेचार ॲम्पिअरच्या आसपास करंट लागतो, ९० वॅटला साडेसात. मूळची वायर त्यासाठी नसते. होल्डर वितळून बल्बला चिकटलेले मी ढिगानं काढलेत, त्यातले दोन माझ्याच गाडीतले.

आता ते ० ते ३ चं चाक. ते शोभेचं नाही. डिकीत वजन टाकलं की मागचं बूड बसतं, नाक वर जातं, आणि भिंतीवर जुळवलेली रेघ आभाळाकडं बघायला लागते. माहेरहून दोन गुळाच्या ढेपा, तांदळाचं पोतं आणि मागच्या सीटवर तीन पाहुणे घेऊन निघालात की चाक २ किंवा ३ वर घ्या. उतरवलं की पुन्हा ०. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ते चाक कधी फिरवलेलं नसायचं. एकानं तर मला विचारलं होतं, हे एसीचं आहे का.

तुम्हाला समोरून त्रास होतो त्याचं. काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. पुढची काच आतून पुसता का? बाहेरून रोज पुसली जाते, आतून डॅशबोर्डच्या पॉलिशचा आणि प्लास्टिकचा तेलकट थर बसतो, दिवसा दिसत नाही, रात्री समोरचा उजेड त्यावर पसरतो. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला, त्याचे ओरखडे कायमचे राहतात. आतल्या आरशाखाली छोटी पट्टी असते, ती ओढली की मागच्या गाडीचा झोत मंद होतो. रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळ्या काचेचे चष्मे घेऊ नका. ते डोळ्यांत येणारा उजेडच कमी करतात, आणि रात्री तोच तर कमी असतो. चाळिशी ओलांडली असेल तर डोळेही एकदा दाखवून घ्या. वयाबरोबर डोळ्याचं भिंग धुरकट व्हायला लागतं आणि झोत गेल्यावर डोळे सावरायलाही जास्त वेळ लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

समोरून झोत आला की त्याच्याकडं बघू नका. नजर डावीकडं रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग उतरवा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद दिसलं नाही तर ३३ मीटर, म्हणजे तीन एस.टी. एकामागं एक उभ्या केल्या तेवढं अंतर तुम्ही आंधळ्यानं गेलात. गळीत हंगामात त्या तीन एस.टी.च्या जागेत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बसतो, मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, वर वाढे लोंबत असतात. आणि समोरच्यानं अप्पर लावला म्हणून आपणही अप्पर लावून सूड घेऊ नका. दोघांनाही दिसत नसलेल्या दोन गाड्या एकमेकींकडं येतात, एवढंच त्यातून होतं.

ट्रॅक्टरचाच विषय निघाला म्हणून एक. त्याला मागच्या बाजूला शेतात कामासाठी एक पांढरा दिवा असतो. तो रस्त्यावरही चालू राहतो, आणि रात्री लांबून वाटतं समोरून मोटारसायकल येतेय. प्रत्यक्षात तुम्ही त्याच्या मागून जवळ जात असता. पांढरा दिवा एकटा दिसला आणि तो जवळ येण्याचा वेग विचित्र वाटला, की पाय ब्रेकवर ठेवा.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम याबद्दलच आहे. हेडलाईटपासून ८ मीटर पुढं, उजवीकडं अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपून जायला नको, असं तो सांगतो. भिंतीची चाचणी याच्याहून कडक आहे, ती पास झाली तर नियमात बसलातच. टॅक्सी-ट्रकचं ठरावीक काळानं पासिंग असतं, तिथं हेडलाईट बघतात. आपल्या खासगी गाडीला पंधरा वर्षं होईपर्यंत कुणी बोलावत नाही, त्यामुळं तपासणारे आपणच. पूर्वी ट्रकच्या हेडलाईटच्या वरच्या भागाला काळा रंग फासलेला असायचा आणि मागं 'यूज डिपर ॲट नाईट' लिहिलेलं असायचं. रंग गेला, पाटी राहिली.

दाजींना पटत नसेल तर बोलण्यात वेळ घालवू नका. एका संध्याकाळी गाडी पटांगणात उभी करा, डिपर लावा, आणि त्यांना आठ मीटर पुढं, उजव्या हेडलाईटच्या जरा बाहेरच्या अंगाला उभं करा. डोळे दीड मीटरवर यायला त्यांना गुडघ्यात थोडं वाकावं लागेल. मोजून दहा सेकंद समोर बघा म्हणावं.

मग जुने बल्ब शोधायला लागा. टाकून दिलेले नसतील, आपली माणसं टाकत नाहीत. डिकीत स्टेपनीच्या खोबणीत, नाहीतर एलईडीच्याच खोक्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतील. काळे पडले नसतील आणि तार तुटली नसेल तर तेच घाला. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं जास्त तापून काच फुटते. लागलंच तर कापसाला स्पिरिट लावून पुसा. ते तुमच्याकडं असतंच.